भावाचा डोळा आत गेलाय, मापाचा इम्प्लांट बसवावा का?

पत्र:

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे, लिफ्टचा मेकॅनिक. गेल्या पावसाळ्यात रात्री कामावरून येताना एलबीएस मार्गावर खड्ड्यात बाइक उडाली आणि तो तोंडावर आपटला. हेल्मेट होतं, पण अर्धं. मेंदूला सूज होती म्हणून बारा दिवस आयसीयूत ठेवलं, मग चेहऱ्याचं ऑपरेशन करून प्लेटा बसवल्या. डिस्चार्ज कार्डावर 'ले फोर्ट दोन', डाव्या गालाचं हाड, डोळ्याखालचं हाड असं लिहिलंय. आता पाच महिने झाले. डावा डोळा आत गेलाय, गाल बसलाय, खाली बघितलं की दोन-दोन दिसतं. दात पहिल्यासारखे बसत नाहीत, पोळी पुढच्या दातांनी तुटत नाही. एका खासगी हॉस्पिटलने थ्रीडी प्रिंट केलेला, खास त्याच्या मापाचा टायटॅनियमचा इम्प्लांट सांगितलाय. आकडा ऐकून मी खालीच बसले. आई म्हणते, जिवावरचं चेहऱ्यावर निभावलं, आता पुन्हा चिरफाड नको. मी माझे दागिने मोडायला तयार आहे. भाऊ काहीच बोलत नाही, घरातसुद्धा मास्क लावून बसतो. हा इम्प्लांट खरंच गरजेचा आहे, की नुसतं फॅड?
एक बहीण, भांडुप

उत्तर:

ताई,

दागिने आधी कपाटात परत ठेवा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही प्रश्न एकच विचारलाय, पण त्यात दुखणी तीन आहेत. डोळा, गाल आणि दात. तिघांवर एकच औषध चालत नाही. त्या हॉस्पिटलने इम्प्लांट यांतल्या नेमक्या कशासाठी सांगितला, हे पत्रात कुठेच नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही ते कुणी समजावून सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं मी चेहऱ्याची मोडलेली हाडं जोडली. त्या जोरावर सांगते, या एका गोष्टीचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणाकडेही एक रुपयासुद्धा ॲडव्हान्स भरू नका.

पहिलं ऑपरेशन बिघडलं असं मनात धरू नका. मेंदूला सूज असताना चेहऱ्याला हात लावत नाहीत. आधी जीव. बारा दिवसांत तुकडे एकमेकांना धरायला लागलेले असतात, तोंड सुजलेलं असतं, दात नीट मिटवून बघता येत नाहीत. त्या अवस्थेत ज्यांनी प्लेटा बसवल्या त्यांनी त्या दिवशी जे शक्य होतं ते केलं. अशा पेशंटला पुढे दुसरं ऑपरेशन लागणं हे आमच्या कामात नेहमीचंच आहे.

कार्डावरच्या 'ले फोर्ट'चं सांगते. रेने ले फोर्ट हे फ्रेंच सर्जन. मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून हाडं कुठे तडकतात ते त्यांनी पाहिलं आणि १९०१ साली मांडलं की चेहऱ्याचा मधला भाग वाटेल तसा फुटत नाही, ठरावीक रेषांवर तुटतो. दुसऱ्या प्रकारात नाकाचं मूळ, दोन्ही डोळ्यांच्या खालच्या कडा आणि वरचा जबडा मिळून पिरॅमिडसारखा एक तुकडा कवटीपासून सुटा होतो. सुटा झालेला तुकडा मागे आणि खाली सरकतो. मग तोंड मिटताना मागच्या दाढा आधी टेकतात आणि पुढे फट राहते. भावाची पोळी पुढच्या दातांनी तुटत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. ही फट कुठल्याही इम्प्लांटने मिटणार नाही. त्यासाठी चुकीच्या जागी जुळलेला वरचा जबडा पुन्हा कापून, दात जुळवून, योग्य जागी बसवावा लागतो. फट अगदी थोडी असेल तर दातांच्या तारांनीही काम होतं. हे जबड्याच्या सर्जनने दातांचे साचे घेऊन ठरवायचं असतं.

आता डोळा. इथे थोडं थांबते, कारण मापाच्या इम्प्लांटचा खरा उपयोग इथे आहे.

डोळ्याची खोबण म्हणजे हाडांची मागे निमुळती होत जाणारी खोली. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा असते. त्यात डोळ्याचा गोळा जेमतेम ७ मिलिलिटरचा, बाकी चरबी, स्नायू आणि नसा. या खोलीची जमीन काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि तिच्या खाली गालातली पोकळी, म्हणजे सायनस. जमीन खचली की चरबी सायनसमध्ये उतरते. सामान तेवढंच आणि खोली मोठी, म्हणून डोळा मागे जातो. ढोबळ हिशेब असा की खोबण एक मिलिलिटरने वाढली की डोळा सुमारे एक मिलिमीटर आत जातो, आणि दोन मिलिमीटरच्या पुढे गेला की समोरच्याच्या नजरेत येतं.

ही जमीन सपाट असती तर काम सोपं होतं. पुढे ती थोडी खोलगट असते आणि गोळ्याच्या मागे गेली की वर चढत जाते. तो मागचा चढच डोळ्याला पुढे धरून ठेवतो. खोबण चार-साडेचार सेंटिमीटर खोल, आणि तिच्या टोकाला नजरेची नस. सर्जन पापणीच्या आतून छोटा छेद घेतो, चरबी पट्टीने वर उचलून धरतो आणि त्या अरुंद फटीतून काम करतो. जितकं मागे जावं तितकं दिसत नाही आणि तितकी भीती वाढते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कोळीवाड्यातला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याला मी टायटॅनियमची तयार जाळी बसवली. कात्रीने कापली, पकडीने वाकवली, कडा चरबीत अडकत होत्या म्हणून दोनदा काढून पुन्हा घातली. टेबलावर दोन्ही डोळे सारखे दिसले आणि मी समाधानाने घरी गेले. तीन महिन्यांनी तो ओपीडीत आला. मी त्याला मान मागे टाकायला सांगितली आणि हनुवटीच्या खालून वर पाहिलं. डोळा आत होता. टेबलावर सारखा दिसला होता तो सुजेमुळे. स्कॅन काढला तर माझी जाळी मागच्या शाबूत हाडापर्यंत पोचलीच नव्हती, अर्ध्यातच सायनसमध्ये लोंबत होती. तो मुलगा मला काही बोलला नाही. "होतं असं, मॅडम," एवढंच म्हणाला. ते वाक्य मी अजून विसरलेली नाही.

म्हणून मापाच्या इम्प्लांटला मी फॅड म्हणणार नाही. तो तयार कसा होतो ते बघा. चेहऱ्याचा सीटी स्कॅन काढतात, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा. संगणकावर हाड वेगळं काढतात. चांगली बाजू आरशातल्यासारखी उलटवून मोडलेल्या बाजूवर ठेवतात, म्हणजे कुठे किती खचलंय ते दिसतं. मग सर्जन आणि इंजिनिअर मिळून तेवढाच आकार आखतात, मागच्या चढासकट, मागच्या शाबूत हाडावर टेकेल असा. टायटॅनियमची बारीक पूड लेझरने केसाहून पातळ थरांत वितळवत तो तुकडा घडवतात. काही जण पीक नावाचं कडक प्लास्टिक वापरतात. टायटॅनियम स्कॅनमध्ये ठळक दिसतं, पीक साध्या एक्स-रेत जवळजवळ दिसत नाही. टायटॅनियम असताना पुढे एमआरआय करता येतो, फक्त आधी सांगायचं. ऑपरेशनच्या वेळी हा इम्प्लांट एकाच जागी नीट बसतो, त्यामुळे मागे न दिसणाऱ्या भागात अंदाज लढवावा लागत नाही. माझ्या कोळीवाड्याच्या पेशंटला मला नेमकं हेच हवं होतं.

पण आरशाच्या या युक्तीला एक अट आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. उलटवायची बाजू शाबूत हवी. ले फोर्ट दोनची रेषा दोन्ही डोळ्यांखालून जाते. त्याची उजवी बाजूही सरकलेली असेल तर ती उलटवून डावी घडवणं म्हणजे चुकीच्या मापावरून कपडा शिवणं. हा प्रश्न त्या हॉस्पिटलला जरूर विचारा. दोन्ही बाजू हललेल्या असतील तर जुने फोटो फार कामाचे असतात. आधार कार्डाचा नको. कुणाच्या तरी लग्नातला, दात दिसतील इतका मोकळा हसलेला फोटो शोधा, एक समोरून आणि एक बाजूने.

दुसरी गोष्ट गालाची. गालाचं हाड खाली-मागे सरकून जुळलं असेल, तर ते खोबणीची बाहेरची भिंतही सोबत घेऊन गेलेलं असतं, कारण त्या भिंतीचा पुढचा भाग त्याच हाडाचा असतो. अशा वेळी गालावर वरून एखादा तुकडा ठेवून भरीव केलं तर गाल भरलेला दिसेल, डोळा मात्र आतच राहील. आणि सरकलेल्या हाडाच्या मापाने खोबणीची जमीन बनवली तर तीही चुकेल. पाया सरळ न करता फरशी बसवण्यासारखं होईल ते. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी वरचा जबडा आणि गालाचं हाड जागेवर, मग खोबण. कधी सगळं एका बैठकीत, कधी दोन टप्प्यांत.

हाड पुन्हा कापून हलवायचं असेल, तर तिथेही मापाच्या वस्तूंचा मोठा उपयोग होतो. हाडावर चपखल बसणारा प्लास्टिकचा एक मार्गदर्शक छापतात. कुठे कापायचं आणि कुठे भोकं पाडायची ते त्यात आधीच ठरलेलं असतं. हाड कापलं की मापाची प्लेट घ्यायची. ती प्लेट त्याच भोकांत स्क्रूने बसवली की हाड आपोआप ठरवलेल्या जागी येतं. २०१४ साली वेल्समधल्या स्वान्सीच्या मॉरिस्टन हॉस्पिटलने अशी शस्त्रक्रिया जाहीर केली होती. पेशंट मोटारसायकलवरून पडलेला होता, हाडं जुळली होती पण चेहरा वाकडा राहिला होता. त्याची गालाची हाडं छापील मार्गदर्शक वापरून पुन्हा कापली आणि बेल्जियममध्ये छापलेल्या टायटॅनियमच्या वस्तूंनी जागेवर बसवली. आठ तास लागले. तुमच्या भावासारखीच केस. आता हे आपल्याकडेही होतं, मुंबईतही होतं.

दोन-दोन दिसण्याबद्दल तुमच्या मनात काही भ्रम राहू नये म्हणून स्पष्ट लिहिते. डोळा जागेवर आला की ते कमी होण्याची शक्यता असते, खात्री नसते. डोळा हलवणारा स्नायू तुटलेल्या फटीत अडकलेला असू शकतो, त्याला व्रणाने ओढून धरलेलं असू शकतं, किंवा त्याची नस दुखावलेली असू शकते. पाच महिन्यांत व्रण पक्का झालेला असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन डोळा कुठल्या दिशेला किती हलतो याचा तक्ता काढून घ्या, त्याला हेस चार्ट म्हणतात. तो नसेल तर नंतर सुधारलं की बिघडलं हे कुणीच सांगू शकणार नाही. ऑपरेशननंतरही दोन-दोन राहिलं तर प्रिझमचा चष्मा किंवा स्नायूची छोटी शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. गालाचा, वरच्या ओठाचा बधिरपणा असेल तर तो डोळ्याखालच्या नसेचा. तो स्वतःच्या गतीने महिनोन् महिने सुधारत राहतो, इम्प्लांटने बरा होत नाही.

आणि या ऑपरेशनमध्ये डोळ्याला धोका आहे. तो कमी आहे, पण तुम्हाला कुणी तो सांगितला नसेल तर मी सांगते. डोळ्यामागे रक्त साचलं तर नजर जाऊ शकते. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत डोळा अचानक फुगला, असह्य दुखला किंवा दिसेनासं झालं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला ड्युटीवरच्या डॉक्टरला बोलवायचं. पुढचे काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, हवा सायनसमधून डोळ्याभोवती शिरते. तंबाखू खात असेल तर आजपासून बंद. तोंडातून घेतलेल्या छेदाची जखम तंबाखूने उघडते आणि आतला धातू उघडा पडला की जंतू बसतात. किडलेले दात आधी साफ करून घ्या, त्याचंही कारण तेच.

आता ज्याने तुम्हाला खाली बसवलं त्या आकड्याकडे येते. मापाचा टायटॅनियम इम्प्लांट आणि हाताने अंदाजाने वाकवलेली जाळी यांच्या मधे एक रस्ता आहे, आणि तो पेशंटला फार कमी वेळा सांगितला जातो. स्कॅनवरून, चांगली बाजू उलटवून, कवटीचं साधं प्लास्टिकचं मॉडेल छापून घ्यायचं. सर्जनने ते टेबलावर ठेवून, पूर्ण उजेडात, घाई न करता, नेहमीची टायटॅनियमची जाळी त्यावर मागच्या चढासकट घडवायची. मॉडेल ऑपरेशन थिएटरात न्यायची गरजच नाही. आदल्या दिवशी वाकवलेली जाळी तेवढी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे गरम वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करायची. साधं छापील प्लास्टिक त्या उष्णतेत वाकतं, म्हणून ते बाहेरच बरं. हा रस्ता इम्प्लांट छापण्यापेक्षा खूप स्वस्त पडतो आणि डोळ्याखालच्या बऱ्याच फ्रॅक्चरना पुरतो. शेवटच्या वर्षांत मी असंच काम करत होते. रात्री जेवणं आटोपली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते पांढरं मॉडेल घेऊन मी बसायची आणि जाळीची एकेक कड बोटाने चाचपायची.

मग मापाचा छापील इम्प्लांट केव्हा घ्यावा? माझं मत असं. खोबणीची जमीन आणि नाकाकडची भिंत दोन्ही गेल्या असतील, मागे टेकायला फारच थोडं हाड उरलं असेल, आधीचं ऑपरेशन फसलेलं असेल, किंवा हाडाचा तुकडाच गहाळ असेल, तर पैसे तिथे घालावेत. तुमच्या भावाची केस यात बसू शकते. बसते की नाही हे स्कॅन सांगेल, आणि स्कॅन नवा हवा. अपघाताच्या वेळचा किंवा ऑपरेशननंतर लगेचचा चालत नाही, तेव्हापासून हाड बदललेलं असतं. सध्याच्या प्लेटा स्कॅनमध्ये चमकतात आणि आजूबाजूचं धूसर करतात, त्यातल्या कुठल्या काढायच्या हेही तेव्हाच ठरतं.

दुसरं मत नक्की घ्या. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मुख व जबडा शल्यचिकित्सा विभाग अशा केसेस सतत बघतो. परळच्या केईएममध्ये प्लास्टिक सर्जरी आणि नेत्रविभाग एकाच छपराखाली मिळतात. चेहरा कुठल्या एका शाखेचा नसतो. जबड्याचा सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि डोळ्यांचे डॉक्टर आपसात बोलतायत, एवढं तुम्ही बघा. जाताना फिल्म नेऊ नका, फाइल्स असलेली सीडी न्या. फिल्मवरून काही आखता येत नाही.

त्या खासगी हॉस्पिटललाही दोष देऊन मोकळ्या होऊ नका, कदाचित त्यांचं बरोबर असेल. त्यांच्याकडून आराखडा मागून घ्या. चित्रं कागदावर मिळतात. इम्प्लांट कुठल्या हाडावर टेकतोय ते सर्जनला बोटाने दाखवायला सांगा. आराखडा सर्जनने स्वतः बसून पाहिलाय की कंपनीच्या माणसाने पाठवलेल्यावर सही केलीय, हे त्या पाच मिनिटांत कळतं. ऐनवेळी इम्प्लांट बसला नाही तर टेबलावर दुसरी सोय काय, तेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही, त्याच्या ट्रेमध्ये साधी जाळी तयार असते. बनवणाऱ्या कंपनीकडे वैद्यकीय इम्प्लांट बनवण्याची कुठली मान्यता आहे ते विचारा, आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर डिस्चार्ज फाइलमध्ये चिकटवून घ्या. वीस वर्षांनी लागलं तर तेच कामाला येतं. ऑपरेशननंतरचा सीटी स्कॅन खर्चात धरलाय का, तेही लेखी घ्या. इम्प्लांट, ऑपरेशन थिएटर, सर्जन आणि खोलीचं भाडं यांचे आकडे वेगवेगळे मागा. एकत्र आकड्यात काय भरलंय ते कळत नाही.

पैशाचं आता. भाऊ नोकरीवर आहे आणि त्याचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो का, ते आधी पगाराच्या स्लिपवर बघा. कापला जात असेल तर कामावरून घरी येताना झालेला अपघात त्या कायद्यात कामावरचा अपघात धरता येतो, आणि उपचाराची मोठी जबाबदारी तिकडे जाते. ठेकेदाराने कळवलं नसेल तर आता कळवायला लावा. ईएसआय नसेल तर रेशन कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर जा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तिथल्या आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा की हे ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि इम्प्लांट त्यात धरतात का. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. तेच तुम्हाला मुख्यमंत्री सहायता निधीचा आणि सिद्धिविनायक न्यासाच्या वैद्यकीय मदतीचा फॉर्म भरून देतात. आणि खड्ड्याची नोंद पोलिसांत आहे ना? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे जखमी झालेल्यांना ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायचे आदेश दिलेत. पंचनामा, कार्ड, बिलं घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, पात्र माणसाला तिथे वकिलाची फी लागत नाही. हे सगळं करायला दोन-तीन आठवडे जातील. जाऊ द्या. पाच महिने झालेत, आता हे ऑपरेशन तातडीचं राहिलेलं नाही.

तातडीचं दुसरंच आहे. तुमचा भाऊ लिफ्टचं काम करतो. खाली बघितल्यावर ज्याला दोन-दोन दिसतं, त्याने शिडीवर आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं नाही. एक डोळा झाकून उतरतो म्हणेल, तर तेही नको. एका डोळ्याने पायरीचा अंदाज येत नाही. डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या आणि ठेकेदाराला द्या.

आणि तो मास्क. घरात आईसमोर मास्क लावून बसणारा मुलगा इम्प्लांट फॅड आहे का हे विचारत नाहीये. त्याला आरशात कुणी दुसराच दिसतोय. डोक्याला मार लागलेल्या माणसाला चिडचिड, झोप न येणं, कशातच मन न लागणं हे मेंदूच्या दुखापतीमुळेही होतं. त्याला रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत न्या, किंवा तो येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर घरातूनच बोलता येतं. त्याला एकट्याला गाठून विचारा की डोळा, गाल, दात यांतलं त्याला जास्त काय टोचतं. कदाचित तो गालाचं नावही घेणार नाही, जेवताना पुढ्यातली पोळी तोडता येत नाही हे सांगेल. मग आधी जबडा. कदाचित डोळा म्हणेल. कदाचित म्हणेल, मला काहीच नको, मला असंच राहू दे. तो सज्ञान आहे. डोळ्याला आणि दातांना त्याच्या नोकरीपुरतं काम करता येत असेल, तर तेही उत्तर धरावं लागेल. जुना चेहरा जसाच्या तसा कुणीही परत देऊ शकत नाही. हाड जागेवर आलं तरी वरची कातडी आणि चरबी व्रणाने आखडलेली असते. हे त्याला ऑपरेशनच्या आधी कळलं तर नंतर तो मोडणार नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. जिवावरचं चेहऱ्यावर निभावलं हे त्यांचं खरं आहे, बारा दिवस आयसीयूच्या बाहेर त्या कशा बसल्या असतील ते मी समजू शकते. त्यांना ऑपरेशनची भीती वाटते, म्हणून त्यांनाही ओपीडीला घेऊन जा, घरी ठेवून नको. डॉक्टर मॉडेल हातात देतील. ते हाताने चाचपलं की पुष्कळ भीती जाते, हे मी अनेक आयांच्या बाबतीत पाहिलंय.

सीडी, डिस्चार्ज कार्ड, हसरा फोटो, रेशन कार्ड, आणि डोळ्यांचा तक्ता काढला असेल तर तो, एका पिशवीत भरा. डॉक्टर "काय त्रास आहे?" म्हणून विचारतील, तेव्हा उत्तर त्याला देऊ द्या. तुम्ही मागच्या स्टुलावर बसा.